अंबडमध्ये डेस्कटॉप सपोर्टला चार वर्षं झाली, पहिलं सर्टिफिकेट कुठलं घेऊ?

पासवर्डवाली_ताई

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

वय २७, राहायला नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे. बीसीए केलं, पण शेवटचं वर्ष नेमकं २०२० चं. त्यामुळे मुलाखतीत मार्कशीट बघितली की समोरचा हसतो आणि विचारतो, ‘घरूनच दिली का परीक्षा?’ गेली चार वर्षं अंबडच्या एका कारखान्यात डेस्कटॉप सपोर्टला आहे. म्हणजे बसते कारखान्यात, पगार देते व्हेंडर कंपनी. हातात १८,४०० पडतात. मागच्या एप्रिलमध्ये ८०० रुपये वाढले, त्याचा पेढाही वाटला नाही.

काम काय, तर दीडशे मशीन, तीसेक प्रिंटर आणि स्कॅनर, आणि माणसं. सोमवारी सकाळी साडेआठला गेटमधून आत शिरायच्या आधीच फोन वाजायला लागतो. रविवारच्या सुट्टीत लोक घरच्यांची नावं विसरत नाहीत, पासवर्ड बरोबर विसरतात. प्लांटमध्ये माझं नाव कुणालाच माहीत नसावं, ‘त्या पासवर्डवाल्या मॅडमना बोलवा’ एवढंच ऐकू येतं. बाकी विंडोज टाकणं, आउटलुकची फाइल दुरुस्त करणं, नवीन माणसाला लॅपटॉप देताना सही घेणं. हे सगळं डोळे मिटून करते आता, आणि तीच अडचण आहे.

मागच्या महिन्यात डिस्पॅचचा लेबल प्रिंटर बंद पडला. ट्रक भरून उभा, लेबल नाही म्हणून सुटत नव्हता, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी आयपी बघितला, १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालाच नाही, प्रिंटरने स्वतःच घेतलाय, एवढं मला कळलं. केबल बदलली. शेजारच्या पोर्टात लावली. तेच. शेवटी नेटवर्क टीमकडे तिकीट टाकलं. पुण्याहून एक मुलगा रिमोटने आत आला आणि चार मिनिटांत ‘दोन्ही पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये होते, बदलले’ असं लिहून तिकीट बंद केलं. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये पाडलेले वेगळे कप्पे. प्रिंटरने खर्रकन लेबल काढलं, सगळे खूश. मी मात्र ते तिकीट तीन वेळा उघडून वाचलं. चार मिनिटं!

पुढे त्याच टीममध्ये एक जागा निघाली, जाहिरात आमच्या ग्रुपवर आली. पगार माझ्या जवळपास तिप्पट, आणि खाली एक ओळ: ‘सीसीएनए किंवा समकक्ष आवश्यक’. सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट.

म्हणून एका क्लासमध्ये चौकशीला गेले. ६५ हजार, आठ महिने. पत्रकावर ए प्लस, नेटवर्क प्लस, सीसीएनए, एमसीएसई, क्लाउड, एथिकल हॅकिंग, सगळं एकाच थाळीत, आणि १०० टक्के प्लेसमेंट. आज सीट बुक केली तर पाच हजार कमी. मी नाही केली, पण त्या बाईंनी तेव्हापासून चार फोन केलेत.

साठवलेले ४२ हजार आहेत. रात्री साडेनऊनंतर दीड तास मिळतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर, म्हणून वर्षभर तरी नाशिक सोडता येणार नाही. मावशीच्या मते मी लग्न करावं, तेही एक सर्टिफिकेटच आहे म्हणे, आणि त्याची मुदत संपत नाही.

तर सांगा. ए प्लसपासून सुरुवात करू? थेट सीसीएनए? की आता सगळे म्हणतात तसं क्लाउड? क्लास लावू का?

कडकमिसळ

पुण्याला जा ताई. नाशकात आयटी म्हणजे आयटीआय, बाकी काही नाही.

पासवर्डवाली_ताई

कडकमिसळ, मी लिहिलंय वर, वर्षभर जमणार नाही. आणि आयटीआयवाल्यांना हसू नका, आमच्याकडचा मेंटेनन्सचा फिटर माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

सातपूरकर

ताई, आधी क्लासचं मिटवू. पत्रकावर एमसीएसई छापलंय ना? ते मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलं. जगात कुणालाही आता ते नव्याने मिळत नाही. तुम्हाला ६५ हजारांच्या थाळीत असा पदार्थ वाढतायत जो स्वयंपाकघरात शिजतच नाही. मुद्दाम फसवतायत असं मी म्हणत नाही. पण इतकी वर्षं आपलंच पत्रक वाचायला ज्यांना वेळ झाला नाही, ते तुमचं सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांच्या वाटणीचं गणित, कधी तपासणार? पाचवा फोन आला की एवढंच विचारा, ‘एमसीएसईचा पेपर कोड काय?’ सहावा येणार नाही.

आता माझं थोडं ऐका, मग सल्ला.

मी २००९ ला पपया नर्सरीजवळच्या एका गाळ्यात लागलो. असेंबल्ड पीसी विकायचो आणि सातपूरच्या कंपन्यांत केबल ओढायचो. पगार साडेचार हजार. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. झोपेत विचारा. दिवसाला साठ-सत्तर टोकं क्रिंप करायचो, अंगठ्याच्या नखाखाली तांब्याची तार घुसायची. त्या तारेतून काय जातं हे पाच वर्षं मला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही.

२०१४ मध्ये सिन्नरच्या एका प्लांटवर होतो. मीटिंग रूममध्ये टेबलाखाली आठ पोर्टांचा साधा स्विच, आणि एक केबल अर्धी लोंबकळत होती. एक टोक स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर. मी व्यवस्थित माणूस. उचललं आणि रिकाम्या पोर्टात लावलं, त्याच स्विचच्या. टापटीप केल्याचं समाधान घेऊन चहाला गेलो. चहा संपायच्या आत अख्खा प्लांट बंद. मेल नाही, ईआरपी नाही, वजनकाट्याचा पीसी नाही. दोन तास आम्ही सर्व्हर रूममध्ये धावतोय, सगळ्या स्विचचे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकतायत. शेवटी एका म्हाताऱ्या सर्व्हिस इंजिनिअरने एकेक अपलिंक काढत काढत मीटिंग रूमपर्यंत माग काढला. मॅनेजरने मला विचारलं, ‘झालं काय होतं?’ माझ्याकडे त्यासाठी शब्दच नव्हता. ‘लूप’ हा शब्द, म्हणजे केबलच्या वर्तुळात डेटा फिरत राहून नेटवर्क तुंबणं, मला दुसऱ्या दिवशी कळला. मीच केला होता हे मी सांगायला अजून तीन दिवस लागले.

त्यानंतर सीसीएनए करायचं ठरवलं, आणि पुन्हा गाढवपणा केला. मित्राने डम्प्सची पीडीएफ दिली, साडेचारशे प्रश्न. पाठ केले, पाढ्यांसारखे. परीक्षेत पाचवा-सहावा प्रश्नच सिम्युलेशनचा आला, समोर काळा पडदा आणि राउटर. तिथे पाठांतर काय करणार? नापास. फी पाण्यात. वर अशा चोरलेल्या प्रश्नांवर परीक्षा दिल्याचं उघड झालं तर सिस्को निकाल रद्द करून बंदीही घालते. २०१६ ला रीतसर अभ्यास करून पास झालो. आज चाळिशीत आहे, तीन प्लांटचं नेटवर्क बघतो, आणि कुठल्याही मीटिंग रूममध्ये शिरलो की आधी टेबलाखाली वाकून बघतो.

आता तुमचं. तुम्ही विचारताय ‘कुठलं सर्टिफिकेट’, पण उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही १६९.२५४ बघून अडलात ती जागा बघा. डीएचसीपीपर्यंत तुम्ही पोचला होतात, पुढचं दार व्हीलॅनचं होतं आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नव्हती. अशी दारं किती आहेत ते मोजा. गेल्या तीन महिन्यांची तिकिटं एक्सेलमध्ये काढा आणि ढीग करा: पासवर्ड, प्रिंटर, ‘नेट नाही’, सॉफ्टवेअर. प्रत्येक ढिगात तुम्ही स्वतः संपवलेली किती आणि वर ढकललेली किती. जिथे ढकललेली जास्त, तिथला अभ्यास करा. मला वाटतं नेटवर्क निघेल, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, तिकिटांवर जा.

ए प्लस सोडा. वाईट आहे म्हणून नाही. त्यात दोन पेपर, दोन वेगळ्या फिया, मार्च २०२५ पासून नवीन आवृत्तीही आली आहे. पण ते ज्याने मशीन कधी उघडलं नाही त्याच्यासाठी. तुमची चार वर्षं हीच तुमची ए प्लस. नेटवर्क प्लसचा अभ्यासक्रम छान आहे, पण सीसीएनए करणाऱ्याने त्यावर वेगळी फी घालवायची गरज नाही. आपल्याकडच्या जाहिरातीत नाव सीसीएनएचं येतं, तुम्हीच बघितलंत.

सीसीएनएचा पेपर एकच, कोड २००-३०१, १२० मिनिटं. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोने वेगवेगळे सीसीएनए मोडून हा एक केला. फी ३०० डॉलर, वर कर, म्हणजे तीस हजारांच्या घरात जातं. तुमच्या ४२ पैकी ३० इथेच संपतात, म्हणून क्लासला पैसे उरतच नाहीत आणि लागतही नाहीत. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यांच्या नेटवर्किंग अॅकॅडमीवर खातं उघडा. ८ जीबीत आरामात चालतं. त्यात तो डिस्पॅचचा प्रिंटर मांडा, चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाका, आणि स्वतः बाहेर काढा. चार मिनिटांत जमेपर्यंत.

वजन कशाला किती तेही सांगतो. राउटिंगचा भाग सगळ्यात मोठा, २५ टक्के. नेटवर्कची मूलतत्त्वं २०, स्विचिंग-व्हीलॅन-वायफाय २०, सिक्युरिटी १५, आणि डीएचसीपी-नॅट वगैरे सेवा १०, ऑटोमेशन १०. ऑटोमेशनला घाबरून लोक पायथन शिकत बसतात. नका. जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचता आलं पाहिजे आणि कल्पना कळल्या पाहिजेत. सबनेटिंग मात्र रोज दहा गणितं, भाजी निवडल्यासारखी. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळे एकावर अडून बसलात की गाडी सुटली. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी मात्र पुन्हा पूर्ण.

अभ्यासक्रमात बीपीडीयू गार्ड नावाचं एक प्रकरण येईल, लूपची चाहूल लागली की पोर्ट बंद करणारं. मीटिंग रूमला केबल देणाऱ्या मोठ्या स्विचच्या पोर्टवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझा सिन्नरचा पराक्रम एका मीटिंग रूमपुरता राहिला असता. तो भाग वाचताना माझी आठवण काढा.

दीड तास रोज धरला तर आठ महिने लागतील. तीन महिन्यांत होतं म्हणणाऱ्याला घरी स्वयंपाक नसतो.

पंचवटी_एक्सप्रेस

सातपूरकर दादांचा लूप वाचून मजा आली, पण मला त्यांचं पटत नाही. म्हणजे अर्धं पटतं.

मीही सपोर्टमधूनच आलो. आठवड्यातून दोन दिवस पंचवटीने मुंबई, बाकी दिवस इंदिरानगरच्या घरून काम. ट्रेनमध्येच अभ्यास केला. इगतपुरी सुटली की रेंज जाते, घाटातले बोगदे संपेपर्यंत व्हिडिओ फिरत राहतो, म्हणून आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचो. कसाऱ्यापर्यंत एक धडा बरोबर संपतो.

ताई, तुमचा दिवस विंडोज आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या खाती-पासवर्डांच्या यादीत, जातो. मग तिथूनच वर चढा की. मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ नावाची परीक्षा आहे, ती चक्क तुमच्या कामाची पुढची पायरी. इंट्यून, ऑटोपायलट, म्हणजे नवीन लॅपटॉप खोक्यातून काढून कर्मचाऱ्याच्या हातात दिला आणि त्याने लॉगिन केलं की कंपनीची सगळी सेटिंग आपोआप येतात. तुम्ही आज एकेका मशीनवर दोन-दोन तास घालवता ते काम. त्यानंतर एझेड-१०४, अॅझ्युअर अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड सांभाळणं. फी सीसीएनएपेक्षा बरीच कमी. एझेड-१०४ ची मुदत एका वर्षाची, पण नूतनीकरण घरबसल्या, फुकट, पुस्तक उघडं ठेवून. सीसीएनए तीन वर्षांनी संपतं आणि टिकवायला पुन्हा परीक्षा किंवा क्रेडिट जमवा. एझेड-९००, अॅझ्युअरची तोंडओळख, सोपी आहे, मुदत संपत नाही, पण नुसत्या त्याच्या जोरावर नोकरी मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. चव घ्यायला ठीक.

आणि नाशकात बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम हवं असेल तर क्लाउडवाल्याला ते जास्त सहज मिळतं. स्विचला हात लावायला कुणीतरी तिथे जावंच लागतं.

एक प्रश्न. सोमवारी जे लॉक होतात, त्यात दर सोमवारी तोच माणूस असतो का? असेल तर तो विसराळू नाही. कुठेतरी त्याचा जुना पासवर्ड अडकलाय. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरचा इव्हेंट बघा. खातं लॉक झालं की तो पडतो, आणि कुठल्या मशीनवरून लॉक झालं त्याचं नाव त्यात असतं. तुम्हाला तिथे प्रवेश नसेल तर सर्व्हर अॅडमिनला गोड बोलून मागा. रिसेट करणारी बाई आणि कारण शोधणारी बाई यात पगाराचा फरक आहे.

घरी प्रॅक्टिसला विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट मिळते. ८ जीबीत एक सर्व्हर आणि एक क्लायंट कसेबसे चालतात, ब्राउझर बंद ठेवावा लागतो. रॅम वाढवता येत असेल तर क्लासच्या आधी रॅम.

जाता जाता, परीक्षा घरून ऑनलाइन देणार असाल तर सावध. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबलावर पाण्याच्या बाटलीखेरीज काही नको, सगळं कॅमेऱ्यातून दाखवावं लागतं. माझ्या पहिल्या वेळी चाळिसाव्या मिनिटाला आईने दार लोटलं, हातात कांदेपोहे. ‘किती वेळ झाला, काही खाल्लं नाहीस.’ परीक्षा तिथेच रद्द. फी गेली. पोहे खाल्ले. दुसऱ्या वेळी सेंटरला जाऊन दिली.

सातपूरकर

पंचवटी, मुद्दा मान्य. पण ताईंना वर्षभर नाशकात राहायचंय आणि आपल्याकडे अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, सगळे कारखाने. तिथे स्विच, कॅमेरे, वायफाय, मशीनला नेटवर्क जोडणं हेच काम आहे. मशीन ढगात नेता येत नाही. ज्याला तुम्ही ‘कुणीतरी तिथे जावंच लागतं’ म्हणता, तो कुणीतरी ताई का नसाव्यात?

४७४० वाली गोष्ट मात्र सोन्यासारखी. ताई, ती आधी करा.

द्राक्षबाग_निफाड

दोघांनाही नमस्कार. मी लिनक्सवाला, रेड हॅटचं आरएचसीएसए केलंय. तीन तास नुसतं प्रॅक्टिकल, एकही पर्याय निवडायचा प्रश्न नाही, ३०० पैकी २१० लागतात. मशीन रीस्टार्ट केल्यावर तुमची सेटिंग टिकली नाहीत तर मार्क गेले. भारी परीक्षा, पण ताईंच्या प्लांटमध्ये लिनक्स दिसत नाही, म्हणून आत्ता नको.

मी वेगळंच सांगायला आलो. तुमची व्हेंडर कंपनी सिस्को किंवा मायक्रोसॉफ्टची पार्टनर असेल तर तिला तो दर्जा टिकवायला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. म्हणजे तुमचं सर्टिफिकेट तिच्याही कामाचं. फी परत देता का, असं लेखी मेलवर विचारा. लाजू नका.

पण देतो म्हणाले की कागद नीट वाचा. माझी फी एका कंपनीने भरली आणि मी आनंदात सही ठोकली. घरी येऊन वाचलं, दोन वर्षं सोडता येणार नाही, सोडलं तर फीच्या तिप्पट भरा. त्या दोन वर्षांत मला चांगल्या दोन ऑफर आल्या आणि गेल्या. बागेत औषध मारता मारता मुलाखत दिली होती एकदा, ब्लोअर बंद करून. तीही गेली.

कडकमिसळ

एथिकल हॅकिंगबद्दल कुणीच बोललं नाही. क्लासवाल्यांनी उगाच टाकलंय का?

पंचवटी_एक्सप्रेस

उगाच. ज्या नेटवर्कमध्ये प्रिंटर कुठल्या व्हीलॅनला आहे ते सापडत नाही त्यात घुसून काय चोरणार? सिक्युरिटीकडे जायचंच असेल तर नेटवर्क पक्कं झाल्यावर सिक्युरिटी प्लस, त्याच्याआधी नाही.

पासवर्डवाली_ताई

बारा दिवसांनी येतेय, पण रिकाम्या हाताने नाही.

तिकिटं काढली. तीन महिन्यांत ४१२. पासवर्ड आणि लॉक १३१, प्रिंटर-स्कॅनर ९६, ‘नेट चालत नाही’ ५८, बाकी किरकोळ. वर ढकललेली ७३. त्यातली ४९ शेवटी नेटवर्कची निघाली. प्रिंटरच्या नावाने आलेलीसुद्धा. चार वर्षं मी टोनर हलवून बघत होते.

पंचवटी दादा, तुमचं ४७४० पण केलं. सर्व्हर अॅडमिनला चिवड्याचा डबा नेऊन दिला, मग त्यांनी शेजारी बसवून दाखवलं. आमचे परचेसचे एक साहेब दर सोमवारी लॉक होतात, मी दर सोमवारी रिसेट करते, ते दर सोमवारी ‘तुमची सिस्टिम बंडल आहे’ म्हणतात. इव्हेंटमध्ये मशीनचं नाव निघालं स्टोअरचं, तीन नंबर. तिथे गेले, तर कोपऱ्यातल्या धूळभरल्या पीसीवर साहेबांचं लॉगिन तसंच उघडं, कधीतरी स्टॉक बघायला बसले होते आणि ‘स्विच युजर’ करून निघून गेले. आत एक शेअर ड्राइव्ह जुन्या पासवर्डने जोडलेला. शनिवारी स्टोअरवाला मशीन बंद करत नाही, तो बिचारा पीसी दोन दिवस दार ठोठावत बसतो. साइन आउट केलं. काल सोमवार होता. दहा वाजता साहेबांचा स्वतःहून फोन, ‘आज सिस्टिम बंद आहे का? मला काही विचारलंच नाही तिने.’

क्लासचा पाचवा फोन आला. पेपर कोड विचारला. ‘सरांना विचारून सांगते’ म्हणाल्या. सहावा नाही आला.

सीसीएनए ठरवलंय. फी परत मिळेल का याचा मेल व्हेंडरच्या एचआरला टाकलाय, उत्तर नाही अजून, आलं तर कागद इथे सांगते, तोवर सही नाही. पुण्याच्या त्या मुलालाही मेसेज केला. मला वाटलं भाव खाईल. तो म्हणाला तोही आधी कॉल सेंटरला होता, आणि पुढच्या वेळी व्हीलॅनचं तिकीट आलं की मला स्क्रीन शेअर करून दाखवेल.

रात्रीची गणितं सुरू आहेत. भावाच्या बारावीच्या रफ वहीत मागून करते, तो पुढून. कालचं गणित मीच बनवलं, आमच्या प्लांटवरून. एक स्लॅश २४ ची रेंज, म्हणजे २५६ पत्ते, घेतली, तिचे चार स्लॅश २६ केले: शून्य, ६४, १२८, १९२ पासून. ऑफिसची ५५ मशीन एकात, शॉप फ्लोअरची ४८ दुसऱ्यात, प्रिंटर-स्कॅनर ३० तिसऱ्यात, आणि कॅमेरे ६४ चौथ्यात. प्रत्येक तुकड्यात ६४ पत्ते, म्हणजे कॅमेरे अगदी बरोब्बर बसले. तपासाल का दादा?

सातपूरकर

बसले नाहीत. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, सगळ्यांना एकदम हाक मारायचा. उरले ६२. त्यातला एक गेटवेला, म्हणजे तुकड्याबाहेर जायच्या दाराला, ६१. तुमचे तीन कॅमेरे बाहेर उभे आहेत, आणि त्यातला एक नक्की मेन गेटवरचा असणार.

कॅमेऱ्यांना स्लॅश २५ द्या, १२६ पत्ते वापरता येतात. मग उरलेल्या अर्ध्यात बाकीचे तिघं बसतात का, ते उद्या सांगा. घाई नको.

पासवर्डवाली_ताई

उद्या कशाला, वही उघडीच आहे. नाही बसत. ऑफिसला एक स्लॅश २६, शॉप फ्लोअरला दुसरा, अर्धं तिथेच संपलं. एकूण नग मोजले तर १९७ च होतात, २५४ मध्ये सहज मावायला हवे होते, पण तुकडे तसे पडत नाहीत. तीस प्रिंटर रस्त्यावर.

त्यांच्यासाठी दुसरी रेंज घ्यावी लागेल. बरोबर?

सातपूरकर

बरोबर. आता प्रिंटर ३० आहेत, गेटवेचा एक. त्यांना स्लॅश २७ पुरेल का?

पासवर्डवाली_ताई

३२ मधून दोन गेले, ३०. गेटवे धरून लागतात ३१.

एक प्रिंटर कमी पडतो. डिस्पॅचचा नको, दुसरा कुठलातरी बाहेर ठेवते. नाही, थांबा, स्लॅश २६ च देते.